टाकीवरच्या दोन पट्ट्या

मोटरसायकलच्या टाकीवरच्या दोन चकचकीत पट्ट्या काढून टाकायच्या, एवढाच बेत होता. आपले मुद्रितशोधक गृहस्थ छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातलं जादा काय ते खोडतात. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाला जिकडे तिकडे जादाच दिसायला लागतं. (स्वतःच्या लग्नपत्रिकेतून त्यांनी जागेअभावी एक मामा कमी केला होता. तो मामा अजून बोलत नाही.) टाकी काळीभोर, सुरेख, आणि तिच्या दोन्ही बाजूंना त्या पट्ट्या. रोज सकाळी किक मारताना त्यांचा हात शिवशिवायचा.

अडचण एकच होती. गाडी सासऱ्यांची होती. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी ती जावयाला दिली होती, म्हणजे सांभाळायला दिली होती. सासूबाईंना ऐन उमेदीत गाडी शिकायची हौस होती. तेव्हा सासऱ्यांनी, जिच्यावर एक ओरखडा नाही ती गाडी शिकाऊ हातात देणार नाही, असं सांगून किल्ली खिशात टाकली होती. बावीस वर्षं झाली, ओरखड्याचं ते वाक्य घरात अजून चालू होतं.

त्या रविवारी बायको माहेरी गेली होती आणि दहाच्या सुमारास आईवडिलांना घेऊन येणार होती. बाबांना विचारलंत का, असं तिने फोनवर विचारलं. सरप्राइज आहे, असं सांगून आमच्या गृहस्थांनी तिचाच हेअर ड्रायर उचलला आणि कामाला लागले.

डावीकडची पट्टी गरम हवेने मऊ पडली आणि लोण्यासारखी सुटली. टाकी इतकी देखणी दिसायला लागली की ते तीनदा मागे सरकून बघून आले. मग उजवीकडची. ती जरा अडली, म्हणून त्यांनी टाकीला गुडघा टेकवून ओढली. पट्टी आली, पण तिच्याबरोबर रंगाचा आणि पुट्टीचा तळहाताएवढा खपलाही आला. खाली अर्धं लिंबू बसेल एवढा पोचा होता.

त्यांनी पोच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं, आणि त्यांचं धाबं दणाणलं. गुडघ्याने पत्रा दबला तरी पुट्टी कुठून येईल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. घाबरलेल्या माणसाला आधी आपलाच गुन्हा दिसतो. गाडी परत जाणार, बायको महिनाभर अबोला धरणार, हे उघड होतं. ते मनातल्या मनात माफीचं भाषण जुळवायला लागले. भाषण आठ वाक्यांचं झालं. सवयीने त्यातलं जादा खोडत गेले, तर शेवटी "झालं खरं" एवढंच उरलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. मायलेकी कोपऱ्यावर फळं घ्यायला थांबल्या होत्या आणि सासरे नेहमीसारखे गाडी बघायला पुढे आले होते. त्यांनी टाकीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"झालं खरं," जावई म्हणाले.

"हळू बोला," सासरे रस्त्याकडे बघत म्हणाले. "ही येतेय मागून."

"पण चूक माझी आहे. माझा गुडघा..."

"तुमचा कसला गुडघा, जावईबापू! हा पोचा माझा आहे."

मग त्यांनी भराभर सांगून टाकलं. सासूबाईंना नाही म्हटल्यावर आठच दिवसांत त्यांनी स्वतः गाडी फाटकाच्या खांबावर घातली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मेकॅनिककडून गुपचूप पुट्टी भरून घेतली, तर रंग जुळेना. म्हणून वर पट्टी लावली. एकाच बाजूला बरी दिसेना, म्हणून दोन्हीकडे लावली.

जावयांच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं त्यांना परीक्षेच्या निकालानंतरही वाटलं नव्हतं. आनंदाच्या भरात ते धावत घरातून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप घेऊन आले. सासऱ्यांनी कुरकुरते गुडघे टेकले, खपला जागच्या जागी बसवला, दोघांनी मिळून दोन्ही पट्ट्या दाबून धरल्या. मायलेकी आत आल्या तेव्हा टाकी बावीस वर्षांपूर्वीसारखी दिसत होती आणि दोघे पुरुष तिच्या दोन बाजूंना कारण नसताना हसत उभे होते.

बायकोने पट्ट्यांकडे बघितलं. "काढणार होतात ना?"

जावयांनी सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांचा आवाज एव्हाना परत आला होता.

"अगं, त्यांना कुठलं जमतंय," ते म्हणाले. "नाही जमलं तेच बरं. ओरखडा नाही आजवर या गाडीला."

जावयांनी मान हलवली. न हलवून सांगतात कोणाला?

"मग दोन तास करत काय होतात?" बायकोने विचारलं.

"गाडी पुसत होतो," ते म्हणाले.

सासूबाईंनी टाकीवरून एक बोट फिरवलं. ते चिकटलं. त्यांनी ते सोडवून घेतलं, जावयांकडे बघितलं आणि लेकीला म्हणाल्या, "तेही जमलेलं नाही."