खेळातली पुतळी

आमच्या पाली गावात कुणाच्या घरी जुनी मोहर निघाली, तर ती चोरापासून नाही, दिगंबर मास्तरांपासून लपवतात.

मास्तर आमचे शेजारी. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता रिटायर. नाणं हाती आलं की त्यावर पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. राणीचं तोंड, गरुडाचे पंख, कडेची अक्षरं, सगळं कागदावर उमटायचं. मग आरोळी : "खेळातलं हाय, बे! जर्मन खेळातलं!" ती बिंदुसरेच्या धरणावर आपटून परत येईस्तोवर त्या घरची म्हातारी डोक्याला हात लावून बसलेली असायची.

जर्मनीत पत्ते कुटताना पैशाऐवजी पितळेच्या चकत्या मांडायचे म्हणे. दिसायला हुबेहूब मोहर. निजामाच्या काळात कंदील-बटणांबरोबर कुण्या व्यापाऱ्यानं त्या इकडं आणल्या आणि आमच्या आज्या-पणज्यांनी सोनं समजून माळेत ओवल्या, असं मास्तर सांगतात. खूण एकच, कडेला इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं 'स्पील'. म्हणजे खेळ. आमच्या गल्लीतल्या म्हशींनासुद्धा एवढं जर्मन येतं.

एका पुढाऱ्यानं अंगठीत मोहर बसवली होती. मास्तरांनी हात मिळवता मिळवता ती वाचली आणि भर सभेत आरोळी ठोकली. पुढारी निवडणुकीत आपटला. विरोधकांनी मास्तरांना फेटा बांधला.

असा माणूस लेकीच्या लग्नाला बोलवायचा म्हणजे मांडवात बिबट्या बांधायचा. पण शेजारी पडले. बोलावलं.

माझ्या आईची पुतळ्यांची, म्हणजे जुन्या मोहरांची, माळ लेकीच्या गळ्यात होती. गेवराईहून आलेल्या नवऱ्याच्या चुलत्यानं मास्तरांची कीर्ती ऐकलेली. तो मिशीत हसत म्हणाला, "मास्तर, बघा की जरा. आमच्या घरात सोनंच येतंय नव्हं?"

वाजंत्री थांबली.

मास्तरांनी कागद काढला. एकेक पुतळी घासत गेले. फासाजवळच्या पुतळीशी पेन्सिल अडली. मास्तरांनी कागदाकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, आणि तो कागद तोंडात घालून चावून गिळला!

"सोनं हाय," म्हणाले. एवढंच. आरोळी नाही, काही नाही.

चुलता मागं सरकला. माझ्या जिवात जीव आला, आणि जीव आला की मला अक्कल राहत नाही. मी ओरडलो, "अहो, पंगत बसायची हाय अजून! मास्तरांनी कागदावरच ताव मारला!" मांडव असा हसला की एक खांब हलला. पोरांनी तिथल्या तिथं बारसं केलं, 'कागदखाऊ मास्तर'. मास्तर मान खाली घालून हसले आणि न जेवता घरी गेले. त्यांचं ताट पाठवायचं मला सुचलं नाही. गावभर मात्र मी हा किस्सा मीठ-मिरची लावून सांगितला.

लेक परतणीला आली तेव्हा गंमत म्हणून मीच कागद-पेन्सिल घेतली. फासाजवळच्या पुतळीवर घासलं. एकेक अक्षर वर आलं. स्पील.

घाईत ती पुतळी काढायला गेलो आणि दोरा तुटला. सगळं रुमालात बांधून मास्तरांच्या ओसरीवर गेलो. वर बघवेना.

मास्तरांनी रुमालात हात घातला आणि न बघता नेमकी तीच पुतळी उचलली.

"एकच हाय. बाकी अस्सल."

"मास्तर, मग तवा कावून बोलला न्हाईत? मी तर तुमालाच..."

मास्तर पुतळी अंगठ्यानं पुसत राहिले.

"आमच्या गंगूबाईच्या लग्नात बोललो होतो. नवंनवं शिकलो होतो, लई चेव होता. तिच्या सासूच्या गळ्यातली बघितली आन भर मांडवात वरडलो. खरंच होतं ते. जर्मनच होती. अंबाजोगाईलाच दिलीया, दूर न्हाई. पर माझी बहीण पंचमीला पुन्हा माहेरी आली न्हाई."

बाहेरून एक पोरगं ओरडत गेलं, "कागदखाऊ!" मी लावलेलं रोप, जोमात वाढलेलं. मास्तरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि सुई माझ्या हातात दिली.

"हिलाबी ओव परत, बे. लेक निघायच्या आत. गाठ घट्ट मार."

मला सुईचं नेढं दिसेना. शेवटी दोरा त्यांनीच ओवून दिला.