लीलाताईंचं हवाई अंतर

लीलाताई गायकवाडांनी आयुष्यात विमानात पाय ठेवला नव्हता. पण नॉर्वेच्या टोकाचं ट्रोम्सो आणि चिलीच्या टोकाचं पुंता अरेनास यांच्यात पंधरा हजारांवर किलोमीटर आहेत, हे त्या दूधवाल्यालाही ऐकवत. "सरळ विमान नाही. तीन-चार ठिकाणी बदला. दोन दिवस मोडतात. अर्ध्या लिटरच्या दोनच द्या."

कात्रजला त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहत. टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. भाजीवाल्यालाही "होल्ड करा" म्हणायच्या, आणि तो बिचारा जुडी हातात धरून थांबायचा.

मी हिंजवडीत विमान-तिकिटांच्या कंपनीत. त्यामुळे रविवारी सकाळी बेल वाजली की समजायचं.

"अहो जोशी, काही नवीन विमान सुरू झालं का?"

"पुण्याहून?"

"पुण्याचं कशाला? पुण्यात मी आहेच. त्या दोघांच्या मधलं बघा."

ते दोघे म्हणजे त्यांचे मुलगे. थोरला सिद्धार्थ चिलीत, धाकटा राहुल नॉर्वेत. दोघंही कॉम्प्युटरवाले. वडिलांच्या शेवटच्या आजारात कोण आलं नाही यावरून भांडले, ते कायमचे. खरं तर वेळेवर कोणीच आलं नव्हतं. ॲम्ब्युलन्समध्ये मी बसलो होतो.

पुढे ताईंचं हृदयाचं ऑपरेशन झालं. दोघंही आले, पण पाळीपाळीने. धाकट्याने जायचं आणि त्याच दिवशी थोरल्याने उतरायचं, असं ठरवून.

"नर्सांच्या ड्युट्या अशाच लागतात," ताई म्हणाल्या.

त्या दिवशी डॉक्टर नको म्हणत असताना त्या माझ्या गाडीतून लोहगाव विमानतळावर आल्या. राहुल पाया पडून आत गेला. मी गाडीकडे वळलो, तर ताई बाहेरच्या बोर्डापुढे उभ्या. राहुलचं दिल्लीचं विमान तीन तास लेट होतं. आजूबाजूचे लोक विमान कंपनीचा उद्धार करत होते. ताई एकट्या हसत होत्या. सिद्धार्थ तासाभरात उतरणार होता.

त्यांनी फोन लावला. "राहुल, बाहेर ये जरा. दादा येतोय. एकदा नुसतं भेट."

"आई, बोर्डिंग सुरू झालंय. ठेवतो."

बोर्डावर विमान तसंच लेट होतं. ताईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. "बरं. नीट जा," म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. तासभर मी चहा आणतो म्हणत राहिलो, त्या नको म्हणत राहिल्या.

सिद्धार्थ आला. आईला जवळ घेतलं, मग इकडेतिकडे पाहिलं. "गेला ना तो?"

"केव्हाच."

"बरं झालं."

गाडी येरवड्यापर्यंत आली. मग ताई म्हणाल्या, "तुझी चौकशी करत होता."

मी आरशात पाहिलं. राहुलने तीन आठवड्यांत भावाचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

सिद्धार्थने खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली. मग म्हणाला, "काय म्हणत होता?"

ताईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"दादाची पाठ अजून दुखते का, म्हणाला."

पुढे सिग्नल लागला. मी गाडी थांबवली.

"कमी आहे म्हणावं," सिद्धार्थ म्हणाला.