मोटार येत नाही, उत्तम

फक्कीचं एक पोतं शनिवारी सकाळी शाळेच्या भांडारखोलीतून बाहेर पडलं. नोंदवहीत कारण लिहिलं गेलं : खो-खोचं मैदान. त्या आठवड्यात शाळेत खो-खो नव्हता.

शेवंती पहाटे तोडली की नऊच्या आत बाजारात पोचायला हवी. नंतर तिच्याकडे कोणी बघत नाही.

त्र्यंबक रोडवरून एका मिनिटात एकोणीस रिक्षा जातात. एका माणसाने घड्याळ लावून मोजल्या आहेत.

"फक्त एकदा बस सायकलवर. एक जरी मोटार दिसली, तर पुन्हा कधी आग्रह करणार नाही."

"लिहून द्या."

त्याने लिहून दिलं. डिसेंबर १९९७.

लिहून देणारा, फक्की उचलणारा आणि रिक्षा मोजणारा माणूस एकच. ज्ञानेश शिरसाठ, नाशिकच्या एका शाळेत पी.टी.चे सर. लिहून घेणारी त्यांची बायको प्रतिभा. लग्नानंतरची सहा वर्षं दोघांनी प्रत्येक रविवार सायकलवर काढला होता. मग चौदा महिन्यांपूर्वी एका रिक्षाचा धक्का लागून प्रतिभा गटारात पडली. गुडघा आठवड्यात बरा झाला, पण सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. ज्ञानेश एकटाच जायचा. एकट्याने घाट चढला की वर पोचल्यावर बोलायला कोणी नसतं, आणि डबाही जास्त उरतो. हे त्याला चौदा महिने सलत होतं.

म्हणून त्याने गोदावरीच्या काठाकाठाने, पाटाच्या कडेने, बांधाबांधावरून जाणारी एक वाट शोधायला घेतली. बावीस किलोमीटर आणि मोटार शून्य. चार रविवार तो वही घेऊन फिरला. वहीत नोंदी अशा :

*पाटाची वाट. बैलगाडी एक. बैल शांत.*

*ओढा. सायकल खांद्यावर. प्रतिभाची मी घेईन.*

*बोरीचा मळा. चौकशी केली.*

ही चौकशी त्याने कारभारी नावाच्या शेतकऱ्याकडे केली. कारभारी टोमॅटोला पाणी देत होता.

"इकडून मोटार येते का हो?"

"नाय साहेब. तीच तर बोंब हाय."

*मोटार येत नाही. उत्तम,* असं ज्ञानेशने लिहिलं.

"टेम्पो?"

"बांधाला टेकतो आन्‌ मागं जातो."

"फारच छान! आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात पेशंट खाटंवर न्यावा लागतो साहेब. चौघं लागत्यात."

ज्ञानेश मनापासून हळहळला. मग त्याने लिहिलं : *बाराही महिने सुरक्षित.* खाली दोन रेघा मारल्या.

कारभारीने त्या दोन रेघा पाहिल्या. इतकी वर्षं तक्रार सांगून झाली होती, पण तक्रारीखाली रेघ मारणारा माणूस तो पहिल्यांदाच बघत होता.

"मंग साहेब, पक्कं धरायचं?"

"एकदम पक्कं. रविवारी मॅडमना घेऊन येतो. त्यांनी पसंत केली की झालं."

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण पी.टी.च्या मास्तरला मोकळी जमीन दिसली की तिच्यावर पांढरी रेघ मारल्याशिवाय चैन पडत नाही. रविवारी एकही वळण चुकू नये म्हणून ज्ञानेशने शनिवारी भर दुपारी प्रत्येक फाट्यावर फक्कीचा बाण काढला, शेजारी आकडा टाकला. एकूण सव्वीस बाण. डोक्यावर शाळेची टोपी, गळ्यात शिट्टी.

बोरीच्या मळ्यात शहरातला माणूस येऊन जमिनीवर पांढरं काही काढून गेला, तर त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. रस्त्याची आखणी झाली! चार वाजेपर्यंत उपसरपंच सावळीराम स्वतः बाण बघायला आला. चौदा नंबरचा बाण त्याच्या घरापासून लांब जात होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खराट्याने बाण झाडला आणि चुन्याने नवा काढला. तो बाण त्याच्या अंगणाकडे बघत होता.

कारभारीने हे पाहिलं आणि पंधरावा बाण आपल्या विहिरीकडे वळवला. अंधार पडेपर्यंत पुढचे बाणही असेच फिरले. रस्ता सगळ्यांनाच हवा होता. तो आपल्या दारात यावा आणि शेजाऱ्याच्या रानातून यावा, एवढीच ज्याची त्याची अट होती.

रविवारी सकाळी सव्वासातला प्रतिभा चौदाव्या बाणापर्यंत आली होती. ती हसत होती. पाटावर बगळे होते. ज्ञानेशला वाटलं, जिंकलो.

"आपण इथे उजवीकडे जाणार होतो ना? तुम्ही नकाशावर दाखवलं होतं."

"बाण डावीकडे आहे."

"बाण तुम्हीच काढलात ना?"

"हो. म्हणजे तो बरोबरच असणार."

डावीकडे सावळीरामचं अंगण होतं. अंगणात खुर्च्या होत्या. प्रतिभाला शाल आणि नारळ मिळाला, ज्ञानेशला टोपी.

"अहो, इथे सायकलवरून आलेल्या प्रत्येक बाईला नारळ देतात का?"

"ग्रामीण भागात माणसं फार चांगली असतात," ज्ञानेश म्हणाला. त्याची नजर मात्र मागे सुटलेल्या वाटेकडे होती.

पुढचा बाण विहिरीवर गेला. तिथे कारभारीने चहा आणि भजी दिली. त्यापुढचा बाण पुन्हा सावळीरामच्या अंगणात आला. तिथे पुन्हा चहा झाला. तिसऱ्या फेरीला प्रतिभा सायकलवरून उतरली आणि जमिनीवर वाकून बघू लागली.

"अहो, हा बाण बघा. याला कडेने ठिपके आहेत. आणि टोकाला मोर."

"मी मोर काढलेला नाही."

"तेच म्हणतेय मी. चला, बघू तरी कोणी काढलाय."

मोराचा बाण तानुबाईंच्या शेवंतीच्या मळ्यात गेला. साठीच्या तानुबाई फुलांच्या दोन गाठोड्यांपाशी बसल्या होत्या.

"मावशी, हा बाण तुमचा?" प्रतिभाने विचारलं.

"मंग! त्येंच्याकडं चुना व्हता, माझ्याकडं रांगोळी व्हती. बाई, रस्ता इथनं न्या. फुलं डोक्यावर न्यायची न्‌ डांबरीवर टेम्पो गाठायचा, मान पार मोडली माझी."

ज्ञानेशला सगळं कळलं. तो टोपी काढून म्हणाला, "मावशी, मी पी.टी.चा मास्तर आहे. रस्ता करणारा नाही. मी फक्त जिथे मोटार येत नाही अशी वाट शोधत होतो."

"मोटार येत नाय अशी?"

"हो."

"शोधत व्हता?"

"चार रविवार."

तानुबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आरं बाबा, आधी इचारायचं. तसली वाट आमच्याकडं लय पडलीय. घरी घेऊन जा."

प्रतिभाला हसू आवरेना. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. सावळीराम पळत पळत आला.

"मॅडम! सायकलीवर कशाला तरास? जीप मागवलीय!"

ज्ञानेश झटकन प्रतिभासमोर आला आणि कबड्डीत कोपरा धरतात तसा हात पसरून उभा राहिला.

"मागे काय आहे?"

"काही नाही."

"हॉर्न वाजतोय."

"मोर असेल."

मोराचं पुढचं चाक पाटाच्या चिखलात गेलं आणि मागचं बांधावर लटकलं. प्रतिभाने ज्ञानेशच्या काखेखालून वाकून जीप नीट पाहिली. ज्ञानेशने डोळे मिटले.

"आठ वाजून गेलं का गं?" तानुबाईंनी विचारलं.

"दहा मिनिटं झाली."

"मंग टेम्पो गेला. साहेब येणार म्हणून मी बसून ऱ्हायले." त्या गाठोड्यांकडे बघत होत्या. आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे ते जास्तच लागलं.

प्रतिभाने सायकल गाठोड्यांपाशी आणली. मग तिने शाल कंबरेला खोचली, एक गाठोडं कॅरिअरला बांधलं, दुसरं हँडलला.

"फुलबाजारात कोणाकडे द्यायची?"

"अगं, पण पुढे डांबरी रस्ता आहे," ज्ञानेश म्हणाला. "ट्रक. एसटी. रिक्षा!"

"मग मी काय करू? रिक्षा संपायची वाट बघू? तुम्ही जीप ढकला." ती मुख्य वाटेला लागली. उजवीकडे, जिकडे चौदावा बाण मुळात दाखवत होता.

जीप साडेदहाला निघाली. ढकलता ढकलता ज्ञानेशने प्रत्येकाला सांगितलं की तो साहेब नाही. कोणाचाही विश्वास बसला नाही.

"समजलं साहेब," कारभारी डोळा मारून म्हणाला. "गुप्त सर्वे. आमी कुठंच बोलत नाय."

दुपारी तो घरी पोचला तेव्हा प्रतिभा जेवत होती. केसात शेवंती होती.

"पोचली फुलं?"

"नऊला पाच कमी होते. एक रिक्षा मधेच उभी होती. मीच ओरडले त्याच्यावर, बाजूला हो म्हणून."

ज्ञानेश पाणी प्यायला. मग घाबरत घाबरत विचारलं, "पुढच्या रविवारी?"

"रविवारी कशाला? उद्यापासून. मावशींची सून माहेरी गेलीय, ती येईपर्यंत रोज सकाळी. तुम्हीही चला, चार गाठोडी होतील."

"मग पाटाच्या वाटेनेच जाऊ. मोटारी नाहीत."

"ती छान आहे हो," प्रतिभा भाताला आमटी घेत म्हणाली. "पण बाजारात जायला लांब पडते."

रस्त्याच्या आखणीचे खरे साहेब आदल्या मंगळवारीच येऊन गेले होते. त्यांची जीप बांधापाशी अडली, तेव्हा त्यांनी खाली न उतरता तिथूनच शेरा लिहिला : सदर वाटेवर वाहनांची ये-जा आढळली नाही.