हळदीच्या रंगाची पट्टी

साकोलीचे नामदेवराव वेबसाइट लोकांसाठी करतात आणि तिच्या कडेची पट्टी स्वतःसाठी. पान वरखाली सरकवायला उजव्या काठाशी जी अरुंद पट्टी असते, जिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही, तिच्यावर त्यांचा जीव. भातगिरणीच्या वेबसाइटला कोंड्याच्या रंगाची पट्टी, मासेमारी संस्थेला तलावाच्या गाळाची. संस्थेने निळी मागितली होती. “तलाव पाहला हाय का त्याहिनं कधी?” ही नामदेवरावांची शंका.

“पट्टी पाहा ना भाऊ. पान तं कोनीबी बनवते.”

अड्याळच्या आमच्या मंगल कार्यालयाला त्यांनी हळदीच्या रंगाची पट्टी दिली. रंगाविषयी तक्रार नव्हती; पण जाडी अशी, की फोटोतले वधूवर तिच्याशेजारी अंग चोरून उभे. भागीदार म्हणाले, पट्टी बारीक करवा, नाहीतर काम भंडाऱ्याच्या माणसाला द्या. मला भांडता येत नाही, म्हणून भांडायला मलाच पाठवले.

मी साकोलीला त्यांच्या दुकानात बसून हळू आवाजात निरोप सांगितला.

“काहून बारीक करू?”

“मोबाइलवर तर ती दिसतही नाही, नामदेवराव.”

“मंग मोबाइलवाल्याइले काय तरास हाय?”

मी पुन्हा भागीदारांचे नाव पुढे केले.

“काम नेऊन टाका भंडाऱ्याले,” ते म्हणाले. “पट्टी बारीक नाई होत.”

मी उठलो, तोच मागच्या खोलीतून आवाज आला, “अहो, मोहाडी झाली पाहून.”

दुकानामागेच त्यांचे घर. नामदेवरावांच्या मागोमाग मीही आत गेलो. वहिनी संगणकासमोर बसल्या होत्या. लकव्यानंतर त्यांचे बाहेर जाणे थांबले, हे मी ऐकून होतो. चौकशीला मात्र कधी आलो नव्हतो. उजवा हात मांडीवर निपचित. डाव्या, थरथरत्या हाताने त्या माउसने पट्टी पकडत होत्या. एकदा निसटली, मग सापडली. मोहाडीच्या भातगिरणीचे फाटक पडद्यावर सावकाश परत आले.

“माउसचं चाक नाई फिरत तिच्यानं,” नामदेवराव माझ्याकडे न पाहता म्हणाले. “जाड पट्टी सापडते. साऱ्या गावाइले हिंडून येते.”

“आता अड्याळले जाऊन राहिली,” वहिनी म्हणाल्या.

आमचे कार्यालय उघडले. हळदीची पट्टी हाती धरून त्या दारातून मांडवात, मांडवातून पंगतीपर्यंत गेल्या. यजमानाने उभे राहावे तसा मी मागे उभा होतो.

“कसं वाटलं, वहिनी?”

“चांगलं हाय भाऊजी. पंखे कमी हायेत.”

भागीदारांना मी सांगितले, पट्टी आहे तशीच राहील. ते भांडले, मीही, जमेल तेवढा. लग्नसराईच्या आधी पंखे वाढवले आणि नवे फोटो स्वतः साकोलीला नेऊन दिले. पंखे सुरू ठेवून काढलेले.