नमुन्यादाखल बायकोचं दुकान

फॉर्मचे चौदा रकाने भरायचा कंटाळा आला, एवढंच काय ते निमित्त. एरवी मी कामचुकार नाही. (बायकोचं मत वेगळं आहे, पण ती जवळून बघते.)

आमच्या कंपनीचा नकाशा आहे आणि त्या नकाशात जागा शोधून देणारं एक टूल आहे. ते माणसांसाठी नाही, एआय एजंटांसाठी आहे. एजंट म्हणजे फोनमधला गडी. तुम्ही म्हणायचं, ‘जवळचा दातांचा डॉक्टर बघ,’ की तो आमच्या टूलला विचारतो आणि पत्ता घेऊन येतो. त्याने कसं विचारायचं, कुठे काय भरायचं, हे समजावणारं डॉक्युमेंट मी लिहितो. थोडक्यात, यंत्रांची शिकवणी घेतो. घरी मला कुणी काही विचारत नाही, त्यामुळे ही नोकरी मला मानवते.

बायकोचं शिवणकामाचं दुकान आहे. बँकेशेजारच्या बोळात, जिन्याखाली, तिसरं दार. उघडून तीन महिने झाले होते आणि आत आलेल्यांपैकी निम्मे लोक वरच्या मजल्यावर जायची वाट विचारायला आले होते. महिनाअखेरपर्यंत जम बसला नाही तर दुकान बंद करून थोरल्या बहिणीच्या ऑफिसात फोन उचलायला बसायचं, असं ठरलं होतं. तिला ते अजिबात नको होतं. तसं ती बोलली नाही, पण त्या आठवड्यात तिने माझे चांगले मापाचे चार शर्ट आखूड केले.

“अहो, तुमच्या नकाशावर माझं दुकान टाका ना.”

“टाकतो.”

“कधी?”

“याच आठवड्यात.”

हे संभाषण आमच्यात तोवर सलग सात आठवडे झालं होतं; नकाशावर दुकान टाकायचं तर तो चौदा रकान्यांचा फॉर्म भरावा लागतो. आठव्या आठवड्यात मी ऑफिसात डॉक्युमेंटमधलं उदाहरण लिहीत होतो. उदाहरणाला एक ठिकाण लागतं आणि टूलने दिलेलं एक उत्तर लागतं. म्हटलं, बायकोचंच दुकान घालू. घातलं. संध्याकाळी घरी सांगितलं, “टाकलं बरं का तुझं दुकान.” हे खोटं नव्हतं. खरं किती होतं, त्यात मी शिरलो नाही.

उदाहरणाखाली मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की वापरणाऱ्याने ठिकाण सांगितलं नसेल तर एजंटने आधी त्याला विचारावं. यंत्रं सगळं वाचतात अशी माझी समजूत होती. ती आपल्यासारखीच निघाली. सूचना सोडून थेट सोडवलेल्या गणितावर जातात. ज्या एजंटला कुठे शोधायचं ते कळलं नाही, त्याने माझं उदाहरण उत्तरासकट, म्हणजे दुकानाच्या पत्त्यासकट, उतरवून दिलं.

मंगळवारी बायकोचा फोन आला. “अहो, दुकानात एक गृहस्थ आलेत. पोपट घेऊन.”

“काय शिवायचंय?”

“शिवायचं काही नाही. पोपट आजारी आहे. त्यांच्या फोनने सांगितलं, पक्ष्यांचा डॉक्टर इथे बसतो.”

“फोन बिघडला असेल त्यांचा.”

“त्यांच्यामागे दोघं चावी करून घ्यायला उभे आहेत. आणि एक बाई विचारतायत, पोहण्याचा तलाव आत आहे का.”

अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावलो. बोळाच्या तोंडापर्यंत रांग होती. आज आपली धडगत नाही, असं समजून मी मागून डोकावलो, तर बायको शांतपणे मशीनवर बसलेली.

“तलाव नाही हो बाई इथे,” ती सांगत होती. “पण तुमच्या कोटाचं अस्तर सुटलंय. बसा, दहा मिनिटांचं काम आहे.”

बाई बसल्या. पोपटवाल्यांनी डॉक्टरचा खरा पत्ता घेतला आणि जाता जाता पिंजऱ्यासाठी जाड कापडाच्या झाकणाचं माप देऊन गेले. शनिवारपर्यंत दुकानातल्या सगळ्या खुंट्या भरल्या. मी कधी नव्हे तो खूश होतो, आणि सोमवारी ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठ मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“आपलं टूल अख्ख्या गावाला एका शिवणकामवाल्या बाईंकडे पाठवतंय,” त्या म्हणाल्या. “ओळखता तुम्ही त्यांना?”

“तोंडओळख आहे,” मी म्हणालो. (अकरा वर्षांची.)

उदाहरण संध्याकाळपर्यंत बदला, नाहीतर तुम्हाला बदलू, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. महिना संपायला नऊ दिवस होते. उदाहरण काढलं तर दुकान रिकामं पडणार, ठेवलं तर मी. मला खरोखर वाईट वाटलं. मी सरळ दुकानात गेलो आणि बायकोला सगळं सांगून टाकलं.

तिने सुईत दोरा ओवला. “म्हणजे तुम्ही दुकान टाकलंच नव्हतं.”

“उदाहरणात टाकलं होतं.”

“मला वाटलंच. परवा मीच भरला तो फॉर्म. चावीवाल्यांतल्या एकाने फोटो काढून दिला. बारा मिनिटं लागली. तुम्ही खुशाल काढा तुमचं उदाहरण.”

मी काढलं. नव्या उदाहरणात भर समुद्रातली जागा दिली. तिथे पोचलेला माणूस तक्रार करायला परत येणार नाही, असा माझा अंदाज होता. दुकानाकडे मात्र दोन दिवस फिरकायचा धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, तर बसायला स्टूल नव्हतं. कोटवाल्या बाई दोन मैत्रिणींना घेऊन आल्या होत्या.

त्याच आठवड्यात मॅडमनी पुन्हा बोलावलं. त्यांच्या स्क्रीनवर बायकोच्या दुकानाची नोंद होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली. “‘बँकेच्या डाव्या हाताच्या बोळात शिरा. जिना लागेल, चढू नका. जिन्याखालचं तिसरं दार. मशीनचा आवाज आला नाही तर तुम्ही चुकलात, मागे फिरा.’ शंभर वेळा तपासलं. एजंट एकदाही चुकला नाही. कुणी लिहिलंय हे?”

“बायकोने.”

“तोंडओळखीच्या?”

मी मान डोलावली. “त्यांना विचारा,” मॅडम म्हणाल्या, “आपलं डॉक्युमेंट लिहून देतील का.”

मी विचारलं. विचारताना माझा आवाज बारीक झाला होता. बायकोने तोंडातल्या टाचण्या काढल्या. “मला कुठला वेळ? ताईलासुद्धा कालच कळवलं, येत नाही म्हणून.” मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तिला दया आली असावी. “तूर्त तुम्हालाच ठेवा म्हणावं. फक्त लिहून झालं की मला दाखवत जा.”

मी हे मॅडमना सांगितलं, तर त्यांना ते दाखवत जायचं वाक्य जास्त आवडलं. तेव्हापासून माझी नोकरी पक्की आहे, आणि दर शुक्रवारी मी डॉक्युमेंट घेऊन गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा राहतो.