बाबांची शमादानं

कुठल्या बरणीला कुठलं झाकण बसेल, हे मी नुसतं लांबून पाहून सांगते. अमेरिकेतल्या आमच्या सगळ्या बिटररूट खोऱ्यात हे दुसऱ्या कुणाला जमत असेल, तर तिनं समोर यावं! तेव्हा रायफलची काडतुसं घरी भरायची म्हणजे कुठल्या प्रेसला, म्हणजे दाबयंत्राला, कुठली डाय, म्हणजे पोलादी साचा, लावायची, हे ठरवणं माझ्या डाव्या हातचा मळ होता. निदान त्या शनिवारी सकाळच्या कॉफीपर्यंत तरी होता.

रायफल माझ्या बाबांची. बाबा गेले तेव्हा ती माझ्याकडे आली, सोबत त्यांची जुनी प्रेस आणि कॉफीचा एक डबा भरून उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या. दुकानातून तसली काडतुसं केव्हाच गायब झाली होती. माझे दीर व्हर्जिल त्या रायफलवर डोळा ठेवून होते.

"वहिनी, ज्या रायफलला काडतूस नाही, ती रायफल नाही, काठी!" ते म्हणायचे. "माझ्या शेकोटीवर टांगतो. शोभेल तरी!"

बाबांची रायफल, आणि तिच्यावर भाऊजी मोजे वाळत घालणार? मी भर जेवणात सांगून टाकलं, "रविवारी एल्कची शिकार सुरू होते. मी स्वतः भरलेल्या काडतुसानं एल्क आणीन. नाही आणला, तर घेऊन जा!"

हार्लननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हातातला घास परत ताटात ठेवला.

डाय मी टपालानं मागवली. रायफलवर कोरलेलं काडतुसाचं नाव जुळवलं, प्रेसच्या भोकाचं माप जुळवलं, पुंगळीची कड धरणारा खोबणीचा तुकडाही जुळवला. शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याला प्रेस आवळली आणि डाय फिरवली. अशी अलगद बसली, जशी लोण्यात सुरी!

बार उडाला की पुंगळी फुगते. तिला तेलाचं बोट लावून डायमध्ये दाबायची, की ती पुन्हा सडपातळ होते. मी तेल लावलं, दांडा खाली ओढला. पुंगळी आत गेली. दांडा वर केला. पुंगळी आतच!

"तेल कमी पडलं असेल," हार्लन म्हणाला.

"तळून काढता आली असती एवढं लावलंय!"

त्यानं दांडा वर रेटला. काही नाही. मग त्यानं दांड्याखाली खांदा लावला. माझा नवरा म्हणजे चालतंबोलतं धान्याचं कोठार! कुठेतरी करकर वाजलं. मला वाटलं, निघाली पुंगळी. निघाला ओटा! खिळ्यांसकट! वरच्या पीचच्या बरण्या एकामागोमाग एक घरंगळल्या आणि क्षणात आम्ही दोघं घोट्यापर्यंत पाकात उभे! पुंगळीची कड तुटून खोबणीत राहिली, बाकीची डायच्या पोटात घट्ट.

अशा वेळी दार कोण उघडणार? भाऊजीच!

"अरे वा! घर पाडायला काढलंत?" त्यांनी पाकात बूट बुडवले आणि खिशातून एक चकचकीत काडतूस काढलं. "हे बघा, असल्याच रायफलीचं. आठवण म्हणून जपलंय. आता शेकोटीवर रायफलीखाली मांडीन."

मी ते त्यांच्या हातातून ओढलं आणि बाबांच्या एका रिकाम्या पुंगळीशेजारी उभं केलं. दोघांचा बांधाच वेगळा! भाऊजींचं काडतूस उतरत्या खांद्यांचं, गरीब बिचारं. बाबांची पुंगळी चौकोनी खांद्यांची, छाती काढून उभी!

"बारानं फुगली असेल," भाऊजी म्हणाले.

"बारानं फुगते, पैलवान होत नाही!" हार्लन म्हणाला. "अगं, तुझ्या बाबांनी चेंबर कापून घेतलं होतं!"

त्या काळी आमच्याकडे निम्म्या लोकांना ही खाज होती. कारखान्यानं दिलेली रायफल आहे तशी वापरायची म्हणजे कमीपणा! चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची पोकळी, थोडं कापून मोठं करायचं, की पुंगळीत चिमूटभर दारू जास्त मावते. रायफलवरचं नाव मात्र जुनंच. मग अशा पुंगळीला बाजारची डाय कशी चालणार? तिची डाय कारागिराकडून वेगळी करून घ्यावी लागते.

"आणि ती गेली तुमच्या बाबांबरोबर," भाऊजी टोपी चढवत म्हणाले. "उद्या संध्याकाळी येतो रायफल न्यायला. जरा पुसून ठेवा."

मला असा संताप आला! ते दाराशी पोचायच्या आत मी अडकलेली डाय प्रेसमधून काढली, जवळचं जड दिसेल ते उचललं आणि तिच्यावर हाणायला लागले. हाताला आलं ते मेणबत्तीचं शमादान. बाबांनी लग्नात मला दोन पोलादी शमादानं दिली होती. "जपून ठेव, पुढे लागतील," एवढंच म्हणाले होते. दोन्ही बुडाला भोक असलेली! थँक्सगिव्हिंगच्या प्रत्येक जेवणाला मेण खाली गळून माझा एकेक टेबलक्लॉथ बाद झाला होता.

"थांब!" हार्लननं माझा हात धरला. "शमादानाला आटे कशाला गं?"

"नक्षी आहे ती!"

"नक्षी? डाव्या हातातली डाय बघ, उजव्या हातातलं शमादान बघ."

बघितलं. आटे सारखेच! जाडी सारखीच! शमादानं कसली, बाबांनी करून घेतलेल्या डायच त्या! भाऊजी दारातून परत आले.

उकळत्या पाण्यात सगळं मेण निघालं. आत गंजाचा ठिपका नाही, आरशासारखं पोलाद! ओटा पिंपावर टेकवला, प्रेस पुन्हा आवळली, शमादान फिरवलं. दांडा खाली. दांडा वर. चौकोनी खांद्यांची पुंगळी सळकन बाहेर, जशी नवी नवरी चर्चमधून! दुसऱ्या शमादानात गोळी बसवायची सोय. बाबा, काय माणूस होतात तुम्ही!

रविवारी सकाळी, देवदारांच्या कडेला, एल्क उभा होता. हरणांतला हत्तीच! एकच बार. भाऊजींनी त्याला ओढून आणायला मदत केली आणि रायफल स्वतःच्या हातानं माझ्या खांद्याला अडकवली.

थँक्सगिव्हिंगला सगळे जमले. भाऊजींनी माझ्याच एल्कचा तिसरा तुकडा वाढून घेतला आणि म्हणाले, "वहिनी, डाय मागवण्यात तुम्ही फसलात, हे कबूल करा!"

"फसले? मुळीच नाही!" मी टेबलाच्या मधोमध बोट दाखवलं. टपालानं आलेल्या त्या डायमध्ये मेणबत्ती ऐटीत जळत होती. बुडाला पुंगळी घट्ट अडकलेली असल्यामुळे मेणाचा थेंबही गळत नव्हता.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जोडीला तशीच आणखी एक डाय मिळाली असती, तर बरं झालं असतं. हार्लन मात्र पुन्हा मागवू देत नाही. म्हणतो, ओटा नुकताच बसवलाय!