पिठाच्या डब्यातसुद्धा नाही!

एकतीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली मी. एक कागद हरवला असेल तर मिशा उतरवून देईन! त्यामुळे सत्तरी लागल्यावर बरोबरीची मंडळी चष्मे शोधत फिरू लागली, तेव्हा मी शांतपणे घरातल्या महत्त्वाच्या माहितीची फाइल केली. रक्तगट, गोळ्या, पासवर्ड, कोणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं तिच्यात. चोराच्या हाती लागू नये म्हणून दर महिन्याला जागा बदलायची. जागेची नोंद रजिस्टरात. रजिस्टर कपाटात, कुलूप लावून.

"आणि कुलपाची किल्ली कुठे असते?" बायकोने विचारलं.

"ते रजिस्टरात लिहिलंय!" मी ऐटीत सांगितलं.

गेल्या मंगळवारी ती बाथरूममध्ये घसरली. मनगट मोडलं. मुलीला फोन करून मी हिला दवाखान्यात नेलं. हिला एक्स-रेला आत घेतलं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरबाई बाहेर आल्या.

"आजोबा, पाऊण तासात ऑपरेशनला घेतोय. आजींना कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे?"

सहा वर्षांपूर्वी एका इंजेक्शनाने हिचा घसा इतका सुजला होता, की श्वास थांबायचीच वेळ आली होती. मी शेजारी नुसता उभा होतो. पुन्हा तसं होऊ नये म्हणून तर ही फाइल! पण इंजेक्शनाचं नाव? काही केल्या आठवेना!

"लिहून ठेवलंय! आत्ता आणतो!"

"अहो थांबा, आपण आधी..."

थांबतोय कोण? टॅक्सी केली, घर गाठलं. किल्ली मिळेना. हातोडी घेतली. पहिला घाव अंगठ्यावर, दुसरा भिंतीवर, तिसऱ्याला कुलूप तुटलं. रजिस्टर उघडलं. चालू महिना: पिठाचा डबा. घड्याळात बघितलं, वीस मिनिटं गेलेली! डबा ओट्यावर उपडा केला. पीठ नाकात, डोळ्यांत, मिशांत. फाइलचा पत्ता नाही!

तेवढ्यात मुलीचा फोन. "बाबा, दवाखान्यात पोचतेच आहे. तुम्ही कुठे?"

"सापडत नाहीये गं! सगळीकडे शोधलं!"

"काय? आई सापडत नाहीये?"

"पिठाच्या डब्यातसुद्धा नाही!"

पलीकडून एक किंकाळी आली आणि फोन बंद झाला.

डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटली होती. अक्षर माझंच! 'फाइल बाहेर दिली. घेणार: बायको. परत आल्याची तारीख:' आणि पुढे कोरं. चिठ्ठीशिवाय मी प्रत्यक्ष देवालाही फाइल देत नाही, हा माझा नियम. नियम पाळला होता, फक्त पाळल्याचं विसरलो होतो.

म्हणजे फाइल हिच्याकडे, आणि ही ऑपरेशन टेबलवर! तसाच पांढराफटक धावलो. दवाखान्याच्या दारात मुलगी वॉचमनला गदगदा हलवत होती, "माझी आई कुठे ठेवलीत?" तिचा हात धरला आणि दोघंही जिना चढलो.

बायको खाटेवर आरामात बसली होती. पर्स उशाशी, फाइल मांडीवर.

"अगबाई! अहो, हा काय अवतार?"

"ते इंजेक्शन... दिलं का गं तुला? श्वास घेता येतोय ना?"

"नाव सांगितलं मी त्यांना. हात मोडलाय माझा, तोंड नाही!"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तेच तर म्हणत होते, आपण आधी आजींनाच विचारू. तर तुम्ही गायब!"

मी मटकन स्टुलावर बसलो. खरं सांगतो, रडू आलं. पीठ गेलंय डोळ्यांत म्हणून सांगितलं.

"पण तू फाइल नेलीस कशाला?" जरा वेळाने मी विचारलं.

"एक नोंद राहिली होती," ती म्हणाली आणि तिने पहिलं पान पुढे केलं. माझ्या नावाखाली, लाल शाईने, तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'यांना माझ्याबद्दल काही विचारू नये. फार घाबरतात. मलाच विचारावे.'

मी डॉक्टरबाईंकडून पेन घेतलं, खाली 'वाचले, मान्य' असं लिहिलं आणि सही केली.